न फुगणारं लाकूड

मृगाचा पाऊस लागून पंधरवडा उलटला की नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांमधून सुताराला फोन जायला लागतात. तक्रार ठरलेली: गॅलरीचं दार घासतंय, कडी बसत नाही. सुतार येतो, कडेला दोन-चार हात रंधा मारतो, दार बसतं. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की त्याच कडेला फट दिसायला लागते आणि संध्याकाळी तिथून डास आत येतात. पुढच्या जूनमध्ये दार पुन्हा घासतं.

यावर लोक दोन प्रश्न विचारतात. झाड तोडून, चिरून, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड अजून पाणी पितंच कसं? आणि त्याची ही खोड कायमची मोडता येते का?

मोडता येते, पण रंगाच्या डब्याने नाही. त्यासाठी लाकडाच्या आतल्या रेणूंनाच हात घालावा लागतो. ते कसं, हे कळायला आधी पहिल्या प्रश्नाकडे जाऊ.

१. पाणी नेमकं कुठे असतं?

लाकडाचा पातळ काप भिंगाखाली धरला तर असंख्य पोकळ, बारीक नळ्या दिसतात. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः तीन पदार्थांच्या असतात. निम्म्याच्या आसपास भाग सेल्युलोजचा, म्हणजे कापसात असतं त्याच द्रव्याचा. बाकीचा भाग हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा. हेमिसेल्युलोज हे सेल्युलोजचं लहान साखळ्यांचं, ढिलं भावंड. लिग्निन या सगळ्याला घट्ट धरून ठेवतं.

नुकत्याच तोडलेल्या झाडात पाणी दोन जागी असतं: नळीच्या पोकळीत आणि नळीच्या भिंतीत. वखारीत पडलेल्या ओंडक्यातून आधी पोकळीतलं पाणी जातं. तेव्हा वजन घटतं, आकार मात्र तसाच राहतो. ओलावा साधारण ३० टक्क्यांवर आला की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि फक्त भिंतीतलं पाणी उरतं. यापुढे जाणारा प्रत्येक थेंब भिंतीतून जातो, आणि लाकूड आकसायला लागतं. (ओलाव्याचा टक्का कोरड्या वजनावर काढतात. ११२ ग्रॅमचा तुकडा १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत पूर्ण वाळवून १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १२ टक्के.)

भिंतीतलं पाणी धरून ठेवतात ते हायड्रॉक्सिल गट. एक ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला एक हायड्रोजन, एवढाच हा गट. पाण्याच्या रेणूचीही घडण जवळपास अशीच असल्याने दोघांचं लगेच जमतं. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांवर असे गट जागोजागी असतात.

हार्बर लाइनच्या लोकलचा डबा डोळ्यांपुढे आणा. हायड्रॉक्सिल गट म्हणजे डब्यातल्या सीटा, पाण्याचे रेणू म्हणजे प्रवासी. हवा दमट असली की फलाटावर गर्दी असते आणि सीटा भरतात. हवा कोरडी झाली की लोक उतरतात. खऱ्या लोकलशी फरक इतकाच की या डब्यात माणूस बसला की डबा थोडा रुंदावतो आणि उठला की पुन्हा अरुंद होतो. आपण ज्याला ‘वाळलेलं लाकूड’ म्हणतो ती फक्त तात्पुरती रिकामी झालेली गाडी. सीटा जागच्या जागी आहेत, पुढच्या स्टेशनवर गर्दी असेल तर त्या भरणारच. शिवाय प्रवासी चढायला पाऊसच अंगावर यावा लागतो असं नाही. हवेतली वाफ पुरते, म्हणून पावसाचा शिंतोडाही न पडणारं आतल्या खोलीचं दारसुद्धा जुलैत घासतं.

२. एका दाराचा हिशेब

वाफेला लाकूड किती दाद देतं, हे हवेतल्या आर्द्रतेवर ठरतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडाचा ओलावा कालांतराने १२ टक्क्यांजवळ स्थिरावतो. खाडीकाठच्या पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के राहिली तर तोच ओलावा १७ टक्क्यांवर जातो. म्हणजे हिवाळा ते पावसाळा या फेऱ्यात पाच टक्क्यांचा फरक.

आता साग घेऊ. पूर्ण ओला ते पूर्ण कोरडा या प्रवासात, म्हणजे ओलाव्याच्या ३० टक्क्यांत, सागाची फळी वाढचक्रांच्या कडेने साधारण ५.८ टक्के आकसते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के. उंचीच्या दिशेने जवळपास काहीच नाही. ८० सेंटिमीटर रुंदीचं फळ्यांचं दार आहे आणि फळ्या खोडाच्या बगलेतून सरळ चिरलेल्या आहेत असं धरू. ओलाव्याच्या एका टक्क्यामागे ५.८ भागिले ३०, म्हणजे ०.१९ टक्के. पाच टक्क्यांना जवळपास १ टक्का. ८० सेंटिमीटरचा एक टक्का म्हणजे ८ मिलिमीटर.

चौकट आणि दार यांच्यात सुतार सोडतो ती फट तीनेक मिलिमीटरची.

त्याच झाडाच्या फळ्या गाभ्यातून सालीकडे अशा चिरल्या असत्या तर हिशेब ३.३ मिलिमीटरवर आला असता. म्हणून जुने सुतार वखारीत फळीचा भाव विचारण्याआधी तिचं टोक बघायचे. टोकावरच्या रेषा फळीच्या पृष्ठाला उभ्या जात असतील तर ती कमी फुगणार, आडव्या पसरल्या असतील तर जास्त. चौकटीच्या खाचेत सैल बसवलेल्या फळकुटांचं दारही याच अनुभवातून आलं. फळकूट खाचेच्या आत फुगतं आणि आकसतं, दाराचं बाहेरचं माप हलत नाही. ही खाच सोडून फळकूट गोंदाने गच्च चिकटवलं तर पहिल्याच हिवाळ्यात ते तडकू शकतं. दोष लाकडाला दिला जातो.

एसी खोलीची गॅलरी तर सगळ्यात वाईट. दाराची आतली बाजू कोरडी हवा घेते, बाहेरची बाजू खाडीची. एक अंग आकसतं, दुसरं फुगतं, आणि दार वाकतं. त्यावर रंध्याचा इलाज चालत नाही.

३. आजवर काय केलं?

दिवाळे, करावे, सारसोळे ही नवी मुंबईतली कोळीवाड्यांची गावं शहराच्या आधीपासून खाडीवर आहेत. लाकडी होडी किनाऱ्यावर ओढायची, वाळवायची, खरवडायची आणि तेल चोपडायचं, हे काम तिथे वर्षाच्या हिशेबात धरलेलं असे. (आता बऱ्याच होड्या फायबरच्या आहेत.) कोकणात काजूच्या टरफलांचं काळं, अंग भाजणारं तेलही होड्यांना लावत. पाण्याखाली त्यांचा शत्रू दुहेरी. एक तर पाणी, आणि दुसरा टेरेडो. याला जहाजातला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. तोंडाशी असलेल्या दोन चिमुकल्या शिंपांनी तो लाकूड किसत आत जातो. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत बोट जाईल एवढी चुन्याने लिंपलेली नळी. तेल आणि रंग या दोन्हींना थोपवून धरतात, पण थर तुटला की संपलं. थराच्या आत सीटा रिकाम्याच आहेत.

दुसरा रस्ता विषाचा. बुरशी, वाळवी, भुंगेरे यांनी लाकूड खाल्लं तर त्यांना मारेल असं काही तरी आत मुरवायचं. या रस्त्यावरचा जगातला एक अतिशय यशस्वी शोध भारतात लागला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याचं नाव ‘आस्कू’ पडलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाला घट्ट बांधून ठेवतं. ते बांधून ठेवणं हीच कामेशम यांची करामत. त्याआधीचे क्षार पावसात धुऊन जात. टेलिफोनचे खांब, कुंपणं, घरांच्या ओसऱ्या यांच्यासाठी हे मिश्रण जगभर वापरलं गेलं. पुढे आर्सेनिकची भीती वाढली आणि अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबलं.

रबराच्या लाकडाला बोरॉनचे क्षार देतात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत. ते लाकूड दिसायला गोरंपान, पण तोडल्यावर काही दिवसांत बुरशीने निळसर पडतं. बोरॉन माणसाला त्यामानाने निरुपद्रवी आहे, मात्र पावसात वाहून जातो, म्हणून घरातल्या फर्निचरलाच ठीक.

न्हावाशेवा बंदराच्या आसपास ढिगाने पडलेल्या लाकडी पॅलेटवर तिसरा प्रकार दिसतो. पॅलेटच्या ठोकळ्यावर डागलेला शिक्का बघा: एका बाजूला उभं कणीस, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि क्रमांक, मग ‘एचटी’. म्हणजे या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचवली आहे. एका देशाचे किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याने आतले किडे मरतात, पण लाकूड बदलत नाही. असं पॅलेट गच्चीवर ठेवलं तर दोन पावसाळ्यांत कुजू शकतं. जुन्या पॅलेटचे बाक ‘ट्रीटेड लाकूड’ म्हणून विकतात, तेव्हा हे लक्षात असावं.

या तिन्ही रस्त्यांनी लाकडाचं फुगणं जागच्या जागी राहतं. विष घातलेलं दारही जुलैत घासतंच.

४. सीट कायमची भरून टाकली तर?

पनवेलला चढून थेट सीएसएमटीपर्यंत न उठणारा प्रवासी प्रत्येक सीटवर बसवला तर मधल्या स्टेशनांवर गर्दी कितीही असो, डब्यात फरक पडणार नाही. रसायनशास्त्रात अशा प्रवाशाचं एक नाव आहे ॲसिटिल गट. त्याला घेऊन येणारा पदार्थ ॲसिटिक अनहायड्राइड. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू काढला की हा होतो. रंगहीन, डोळ्यांत पाणी आणणारा, झोंबऱ्या वासाचा द्रव. सॅलिसिलिक आम्लावर हाच गट बसवला की ॲस्पिरिन होतं.

लाकडावर हा प्रयोग पहिल्यांदा १९२८ मध्ये जर्मनीत फुक्स यांनी केला, पण त्यांना हवं होतं ते लिग्निन वेगळं काढणं. लाकूड स्थिर करायला म्हणून तो वापरला अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेत, १९४६ च्या सुमाराला, टार्को आणि स्टॅम यांच्या गटाने. प्रयोगशाळेत जमलेलं काम कारखान्यात परवडायला मात्र साठ वर्षं लागली. नेदरलँड्समधल्या आर्नेम इथे २००७ मध्ये व्यापारी प्रमाणावर असं लाकूड निघू लागलं. ‘अकोया’ हे त्याचं बाजारातलं नाव.

पद्धत अशी. फळ्या आधी चांगल्या वाळवायच्या, कारण पाणी दिसलं की अनहायड्राइड लाकडाऐवजी पाण्यावरच खर्च होतं. मग त्या पोलादी टाकीत घालून आतली हवा ओढून घ्यायची, द्रव सोडायचा, दाब द्यायचा आणि तापवायचं. अनहायड्राइडचा रेणू हायड्रॉक्सिलपाशी तुटतो. त्याचा अर्धा भाग, म्हणजे ॲसिटिल गट, हायड्रोजनला हुसकून त्याच्या जागी बसतो. उरलेला अर्धा त्या हायड्रोजनला घेऊन ॲसिटिक आम्ल होतो आणि बाहेर पडतो.

चांगल्या कामात कोरड्या लाकडाचं वजन २० टक्क्यांच्या आसपास वाढतं. याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. अनहायड्राइडचा रेणुभार १०२, आम्लाचा ६०, म्हणजे लाकडावर राहणारी भर ४२. शंभर किलो लाकडात २० किलो भर हवी तर २० गुणिले १०२ भागिले ४२, म्हणजे साधारण ४९ किलो अनहायड्राइड खर्च होईल आणि २९ किलो ॲसिटिक आम्ल बाहेर येईल. लाकडावर बसलं त्यापेक्षा जास्त वजन बाहेर गेलं! ते आम्ल गोळा करून, शुद्ध करून पुन्हा वापरात आणलं नाही तर धंदाच बसत नाही. साठ वर्षांच्या उशिराचं एक कारण हे २९ किलो.

ॲसिटिल गट पाण्याच्या रेणूपेक्षा अंगाने मोठा आहे. तो बसला की भिंत आधीच फुगलेल्या अवस्थेत जाते आणि तशीच राहते. असं लाकूड हवेतून साध्या लाकडाच्या निम्मं किंवा त्याहून कमी पाणी घेतं आणि फुगणं सत्तरेक टक्क्यांनी कमी होतं. आपल्या दाराइतकं, ८ मिलिमीटर फुगणारं दार अडीच मिलिमीटरवर आलं, म्हणजे सुताराच्या फटीत बसलं.

बुरशीचं काय? इथे विष मुळीच नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नळीच्या भिंतीत ओल लागते. तिची पाचक द्रव्यं त्या ओलीतूनच आत शिरतात. भिंतच कोरडी राहिली तर बुरशीला शिरायला वाट राहत नाही.

हे प्रत्यक्षात किती टिकतं, याची जाहीर परीक्षा नेदरलँड्समध्ये स्नेक गावाजवळ चालू आहे. २००८ मध्ये ए-७ या महामार्गावर तिथे अवजड वाहनांसाठी पूल बांधला. त्याची कमान अशाच पाइनची आहे. एरवी विष न मुरवलेलं पाइन उघड्यावर पुलासाठी सहसा वापरत नाहीत.

५. चिपाड, पँटची घडी आणि भट्टी

सीट भरण्याचे आणखी उपाय आहेत. फुरफुरिल अल्कोहोल नावाचा द्रव नळीच्या भिंतीत मुरवून तापवला की तो तिथेच घट्ट राळ होऊन बसतो. नॉर्वेतली केबोनी कंपनी हे करते, आणि तिचा कच्चा माल निघतो उसाच्या चिपाडातून. पश्चिम महाराष्ट्रात चिपाडाचे डोंगर उभे राहतात आणि बहुतेक कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतात, हे वाचताना जरा हळहळ वाटते. या लाकडाचा रंग गडद तपकिरी होतो.

कापडगिरण्यांत घडी न मोडणाऱ्या पँटसाठी एक राळ वापरतात. ती सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधते. लाकडातही सेल्युलोजच आहे, मग तिथे का चालू नये? चालतं, जर्मनीत त्यावर बरंच काम झालं आहे.

आणि रसायनाशिवायचा उपाय फिनलंडने १९९० च्या दशकात रुळवला: १८० ते २१५ अंश सेल्सिअसवर, पेट घेऊ नये म्हणून वाफेच्या वातावरणात लाकूड भाजायचं. यात सगळ्यांत जास्त पाणी धरणारं हेमिसेल्युलोज मोडून जातं. म्हणजे सीट भरायच्याऐवजी उपटूनच टाकायची. स्वस्त आणि स्वच्छ, पण लाकूड ठिसूळ होतं, त्यामुळे भार घ्यायच्या कामी चालत नाही. पॅलेटवरच्या ‘एचटी’शी याची गल्लत करू नये, ५६ अंश कुठे आणि दोनशे कुठे.

बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत रबराच्या लाकडावर असे रासायनिक बदल करून पाहिले आहेत. ॲसिटिक अनहायड्राइड महाराष्ट्रातही बनतं, पण ते कुणी कितीही विकत घेऊ शकत नाही. हेरॉइन बनवायला ते लागतं, म्हणून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली १९९३ पासून त्याच्या प्रत्येक पिंपाची नोंद ठेवावी लागते. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या उद्योजकाने उद्या टाकी लावायची ठरवली तर पहिला खेटा सुताराकडे पडणार नाही, नार्कोटिक्सच्या कार्यालयात पडेल.

६. मग आपल्या दाराचं काय?

सगळीकडे हे लावा असं मी सांगणार नाही. घरातलं दार नीट वाळवलेल्या लाकडाचं, खाचेत सैल फळकूट असलेलं, आणि सहाही बाजूंनी रंगवलेलं असेल तर पुरतं. सहा म्हणजे वरची आणि खालची कडही. खालच्या कडेला ब्रश क्वचितच पोचतो, आणि पाणी तिथूनच चढतं. बदललेलं लाकूड परदेशातून येतं, महाग असतं, आणि ते शोभतं उघड्या गच्चीवर, खाडीकडे तोंड केलेल्या खिडक्यांना, पोहण्याच्या तलावाच्या काठाला.

सागाला टिकण्यासाठी याची गरज नाही, आणि सागावर हे चालतही नाही. गाभ्याचा साग स्वतःच तेलकट द्रव्यांनी भरलेला असतो. त्याच्या टिकाऊपणाचं कारण तेच, आणि द्रव आत शिरू न देण्याचं कारणही तेच. बल्लारपूर-आलापल्लीच्या ज्या सागाचे दरवाजे अयोध्येच्या मंदिराला लागले, तो असा जुना, गाभ्याचा. बाजारात ‘साग’ म्हणून येणाऱ्या कोवळ्या लागवडीच्या झाडात बाहेरचं फिकट लाकूड जास्त आणि गाभा कमी, त्यामुळे नाव सागाचं असलं तरी टिकायचं नाही. ॲसिटिल लावायला लागतं ते याउलट पाणी भराभर शोषणारं, लवकर वाढणारं, एरवी खोक्यांच्या लायकीचं पाइन.

असं लाकूड घेतलंच तर तीन गोष्टी सुताराला सांगाव्या लागतात. त्यात थोडं आम्ल उरलेलं असतं आणि नवीन फळी चिरताना व्हिनेगरचा वास येतो. ते आम्ल साध्या लोखंडी स्क्रूला खातं, म्हणून स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. खाडीच्या खाऱ्या हवेत त्या एरवीही लागतात. दुसरं, ऊन लिग्निनला तोडतं आणि त्यावर यातल्या कुठल्याच उपायाचा फारसा इलाज नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत फळी राखाडी पडते. ती कुजलेली नसते, फक्त रंग जातो, आणि रंग हवा असेल तर तेल किंवा पॉलिश नेहमीसारखंच लावत राहावं लागतं. तिसरं, रंध्याने वरचा थर काढला तरी काम बिघडत नाही, कारण बदल आरपार असतो. विष मुरवलेल्या फळीत ते बहुधा बाहेरच्या भागातच असतं आणि कापलेलं टोक उघडं पडतं.

उरलेल्या तुकड्यांचाही प्रश्न येतो. आपल्याकडे भंगारातलं लाकूड बंबात, नाहीतर बेकरीच्या भट्टीत जातं. आस्कूसारख्या मिश्रणातलं लाकूड तिथे गेलं तर धुरातून आर्सेनिक बाहेर पडतं आणि राखेतही ते उरतं. जुने हिरवट झाक असलेले खांब म्हणूनच कधी जाळू नयेत. ॲसिटिल गटात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपलीकडे काही नाही, आणि लाकूडही त्यांचंच. त्याचे तुकडे साध्या लाकडासारखे जळतात.